गंगाअक्काचा संशय

बिदरच्या जनाना दवाखान्यात नर्स माझ्यावर ओरडली आणि मी लगेच म्हणालो, "चुकलं." काय चुकलं ते ठाऊक नव्हतं. नुकतंच लग्न झालं होतं; आरोप ऐकायच्या आधीच कबुली द्यायची सवय लागली होती. नर्स म्हणत होती, "घरवाली कू बीमारी लाके देते, शरम नै आती?" तिनं मला गंगाअक्काचा नवरा समजलं होतं. अक्का माझी चुलत आत्या, वयानं बरीच मोठी, विधवा. पण माझं टक्कल तेव्हाच दिसू लागलं होतं, नर्सला दोष कसा द्यावा?

निजामाच्या राज्यात आमच्या चिंताकी गावात संशय घ्यायला कारणं कमी नव्हती, पण अक्काला कारणही लागत नसे. तिच्या दारात गेलं की "ये" नाही, "कामून आलास?" पाणी मागितलं तर "घरी पाणी न्हाई काय?" हसलं तर "हसायलास कामून?" घराबाहेर पडताना उंबऱ्याशी राख पसरून जायची आणि परतल्यावर पावलं बघायची. कुत्र्याची दिसली तर "कुणाचं कुत्रं?" शेवटच्या आजारातही वैद्याचा काढा तिनं आधी वैद्यालाच प्यायला लावला.

संशयातून सुटलेली एकच बाई, शरणव्वा. अफजलपूरकडची, लिंगायताची, नवऱ्यानं टाकलेली. दोघी मिरच्या विकून एका घरात राहत. चूल एक, अंथरूण एक. गाव म्हणे, एकमेकींना आधार आहे. मीही तेच म्हणे. बायको नांदायला आली आणि आठवड्यात म्हणाली, "आधार कशाचा? संसार हाय तो दोघींचा." तेव्हा कुठं मला दिसलं.

अक्काच्या अंगावरून पांढरं जात होतं, खाज सुटत होती. कुणाला संशय नको म्हणून तिनं लपवलं. तुरटीच्या कढत पाण्यानं आतून धुऊ लागली, तशी आग आणखी वाढली. अखेर माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून मी तिला बिदरला आणलं होतं. नर्सनं तिला आत सांगितलं, हा रोग मर्दाकडून येतो. आणि बाहेर येऊन मर्द म्हणून मला धरलं.

परतीच्या मोटारीत गाव जवळ आलं तशी अक्का म्हणाली, "माणिका, शरणी भावाकडं म्हैनाभर ऱ्हाऊन आली. तिथं कोण कोण येतंय रे?"

संध्याकाळी शरणव्वाचं अंथरूण ओसरीवर पडलेलं होतं.

"मी कुणा बाप्याच्या सावलीत गेले न्हाई," अक्का म्हणत होती. "मग हे आलं कुठनं?"

"गंगे, आता माझी पावलं बघायलीस व्हय राखंत?" शरणव्वा म्हणाली आणि गाठोडं बांधायला बसली. ती गेली असती तर परत आली नसती, आणि अक्कानं बोलावलंही नसतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "नर्सनं नवऱ्याचं इचारलं. अक्का निजतात कुणापाशी, हे कुणी सांगितलं का तिला?"

"असलं कसं सांगायचं?"

"तोंडानं."

दोघींची समजूत घालून तिनं त्यांना बिदरला नेलं. मला बाहेर बसायची आणि कुणी ओरडलं तरी तोंड न उघडायची ताकीद होती. आत पडद्याआड वयस्क डॉक्टरीणबाई होत्या; बोलणं मला बाहेर ऐकू येत होतं. बायकोनं त्यांना सरळ सांगितलं. त्यांनी दोघींना तपासलं. शरणव्वालाही तेच निघालं. ती उष्णता म्हणून सोसत होती.

"मरद होनाच ऐसा नै," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अपने आप बी होता. साथ सोते तो एक औरत से दुसरी कू बी लग सकता. दवा दोनो कू, एकीच वखत. एककू दिये तो फिर होता." औषध जांभळं होतं. आतून धुवायचं नाही, कपडे उकळून उन्हात वाळवायचे आणि बरं होईपर्यंत वेगळं निजायचं.

"पर पैले किसकू हुआ?" अक्कानं विचारलं.

"वो मैं नै बोल सकती. कोई बी नै बोल सकता."

अक्काच्या घरी आलो तेव्हा दाराशी शरणव्वाचं गाठोडं तसंच होतं. अक्का त्याच्याकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता परत अफजलपूरच्या भावाचा विषय निघणार. तिनं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

"शरणे, तुला माझ्यापासनंच लागलंय ते. सोड गाठ."

"डॉक्टरीण तसं म्हणाली न्हाई."

"मी म्हणायले न्हवं?"

शरणव्वानं गाठ सोडली. मग अक्का आमच्याकडे वळली, "तुम्ही कामून उभारलाव अजून?"

वाटेत मी बायकोला विचारलं, "डॉक्टरणीला कळलं नाही, ते अक्काला कसं कळलं?"

"कळलं न्हाई अवो," बायको म्हणाली. "ठरवलं त्यांनी."