सातवी बाजू

काकूंचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. तेव्हा घरात कुणी बोलत नसे, आणि काकूंचं काम होतं लोकांच्या बोलण्याचं. दुकानांना गिऱ्हाइकांनी लिहिलेली वाक्यं संगणकावर यायची. प्रत्येक वाक्यापुढे खूण करायची: तक्रार, विनंती, कौतुक की टोमणा. त्यावरून म्हणे यंत्र माणसांची भाषा शिकणार होतं. काकूंना यंत्राची दया यायची.

नियम कडक होता. वाक्य कितीही गचाळ असो, सुधारायचं नाही. आहे तसं ठेवायचं, खूण करायची, पुढे जायचं. ‘मिक्सर दिला पन झाकन कुठाय’ असलं काही आलं की काकू सुधारायला शिवशिवणारा डावा हात मांडीखाली दाबून बसायच्या.

दुपारी त्याच हातात लोकर यायची. लेक गणितात संशोधन करत होती, हायपरबोलिक भूमितीत. तिला परीक्षकांसमोर विणलेला नमुना ठेवायचा होता.

“ताटाएवढे तुकडे, प्रत्येकाला सात बाजू,” तिने समजावलं. “प्रत्येक कोपऱ्यात तीन तुकडे जोडायचे. ही नक्षी सरकवून, फिरवून पुन्हा स्वतःवर बसवायच्या जेवढ्या तऱ्हा, त्यांचा होतो गट. प्रत्येक तऱ्हेसाठी मी आकड्यांचा एक चौकोन मांडते. दोन हालचाली एकामागून एक केल्या की त्या चौकोनांचा गुणाकार.”

काकांनी जन्मभर लेथवर चकत्या कातल्या होत्या. “म्हणजे चकती फिरवायची आणि हिशेब ठेवायचा.”

“हो बाबा. फक्त ही चकती कधी संपत नाही.”

“मग पाळी कधी सुटते?”

परीक्षा पुढच्या महिन्यात होती. परीक्षक परगावचे, वर्षातून एकदाच येणारे. तारीख हुकली तर वर्ष गेलं. मधल्या तुकड्याभोवती तीन फेऱ्या घालायचं काम आईवर सोपवून लेक आठवडाभरासाठी विद्यापीठात गेली.

दुसऱ्याच फेरीला कापड फुगायला लागलं. शेजारीण डोकावली. “काकू, फ्लॉवर विणताय?”

काकूंना ते झोंबलं. त्यांच्या हातच्या कामात कधी चुणी पडली नव्हती. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला, आणि दोष सापडला: एक बाजू जास्त होती. त्यांनी सगळं उसवलं आणि सहा-सहा बाजूंचे तुकडे केले. कसं शहाण्यासारखं बसलं! वरून इस्त्री फिरवली.

लेक आली, टेबलाकडे बघितलं आणि बॅग न उतरवताच खाली बसली.

“आई, हे काय?”

“टेबलक्लॉथसारखं दिसतंय ना?”

“तेच तर! हे सपाट आहे!”

“चुण्या पडत होत्या. काढल्या.”

“अगं, हायपरबोलिक भूमिती सपाट बसतच नाही. चुण्या म्हणजेच माझा प्रबंध!”

काकांनी पेपर खाली केला. “चार वर्षं चुण्यांवर?”

“बाबा, तुम्ही थांबा. आई, तुला रोज काय सांगतात? आहे तसं ठेवा. परक्या माणसाचं ‘झाकन’ तू सोडून देतेस, आणि पोटच्या पोरीचा सप्तकोन तेवढा डोळ्यात खुपतो?”

काकूंनी मनातल्या मनात खूण केली: टोमणा. मग उठल्या आणि उसवायला बसल्या.

उसवायला तीन दिवस लागले. इस्त्रीने टाके चिकटले होते. मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला आधीच्या फेरीच्या अडीचपटीहून जास्त तुकडे. पहाटे खुणा, मग विणकाम, जेवण, विणकाम. काकूंच्या अंगठ्याला चीर पडली. पट्टी बांधून काम चालू. काकांना जोडणीला बसवलं. त्यांचे टाके सुटायचं नाव घेईनात.

“अहो, लोकर आहे ती, बोल्ट नाहीत.”

“ढिलं काम मला जमत नाही.”

तिसरी फेरी पुरी झाली तेव्हा दहा दिवस हातात होते. काकू थांबल्या नाहीत. चूक त्यांची होती, भरपाईही त्यांनीच करायची. त्यांनी चौथी फेरी धरली. ती एकटी आधीच्या सगळ्या मिळूनही भारी निघाली. काका गुडघे वर घेऊन जेवायला लागले, कारण खाली जागा नव्हती.

परीक्षेच्या सकाळी टॅक्सीवाला दारात आला, आत डोकावला आणि म्हणाला, “हे काय आहे?”

“आकड्यांचा चौकोन,” काका म्हणाले.

“घडी घाला मग.”

“खबरदार!” काकू ओरडल्या. “एक चुणी मोडली तर बघा!”

टॅक्सी गेली. टेम्पो आला.

परीक्षकांनी काठाजवळच्या एका तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, हा मधे आणता येईल? लेकीने कापड ओढलं, पिळलं, तो तुकडा मधे आणला, आजूबाजूला तीच नक्षी दाखवली आणि फळ्यावर आकड्यांचा चौकोन मांडला. परीक्षकांनी आणखी एक तुकडा विचारला, मग आणखी एक. शेवटी ते स्वतःच कापड ओढत बसले.

काकूंचा त्या महिन्याचा अर्धा पगार लोकरीत गेला. उरलेला टेम्पोला, जाऊन-येऊन. येताना काका-काकू ड्रायव्हरशेजारी बसले. मागे फ्लॉवर, आणि त्यात पाय पसरून गाढ झोपलेली गणिताची नवी डॉक्टरीण.