सगळ्यांची ताटं

केराची टोपली घेऊन कुणी चाळीच्या टोकाला निघालं की शेवटच्या खोलीच्या दारातून एक हात बाहेर यायचा. आधी हात, मग त्यामागून ताई. टोपलीतलं फाटकं बनियन, चेपलेला डबा, नारळाची शेंडी, जे असेल ते दोन बोटांनी उचलून त्या उजेडाकडे धरायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि म्हणायच्या, "थांब माय, जीव हाय त्याच्यात अजून."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना कंजूष म्हणून मोकळे होतो. आमच्या ताई कंजूष नव्हत्या. कंजूष माणूस वस्तू स्वतःपाशी दाबून ठेवतो. ताईंकडे गेलेली वस्तू आठ दिवसांत रूप बदलून दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी पोचलेली असायची.

सत्तरच्या सुमाराला मी लग्न होऊन साताऱ्याकडून काळेवाडीत आले. दहा खोल्यांची पत्र्याची चाळ, मधोमध एक नळ, आणि पहाटे पहिल्या शिफ्टला निघालेल्या सायकलींच्या घंट्या. आमचे हे आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात होते. ताईंचे यजमान फाउंड्रीत. ती दोघं बीडकडची. त्यांच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली हाताने फिरवायचं शिवणयंत्र, एवढंच काय ते डोळ्यांत भरण्यासारखं होतं.

संसारातले पहिले धडे मला ताईंनी दिले. लुगडं जुनं झालं की त्याचं गोधडीचं अस्तर. अस्तर विरलं की पोराचे लंगोट. मग फडकं, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. पोतेऱ्याचा अगदी भुगा झाला की त्या स्वतःच म्हणायच्या, "आता गेलं बघ ते. टाक आता."

कंपनीच्या निळ्या पॅन्टी गुडघ्यात फाटल्या की ताई त्यांच्या पिशव्या शिवायच्या. खिसे तसेच ठेवायच्या, रेशनकार्ड ठेवायला. सगळी चाळ त्या पिशव्या घेऊन पिंपरीच्या बाजारात जायची. एकदा आमचे हे बाजारातून आले ते हसतच. म्हणाले, "आज माझी पॅन्ट मला रस्त्यात भेटली. मेथीची जुडी घेऊन चालली होती."

माझी मुलगी झाली तेव्हा सासूबाई गावाहून आल्या आणि मग आमच्याकडेच राहिल्या. बाराव्या दिवशी ताई लंगोटांची चळत घेऊन आल्या. जुन्या सुती लुगड्यांचे, उकळून काढलेले, सायीसारखे मऊ. सासूबाईंनी त्यांच्यासमोर ती चळत घेतली आणि त्यांची पाठ वळताच फळीच्या पार कोपऱ्यात सरकवली. मुलीला त्यांनी गावाहून आणलेले मांजरपाटाचे कोरे, खरखरीत तुकडे बांधले. चार दिवसांत पोरीच्या मांड्या लाल झाल्या. कारण मला कळत होतं आणि सासूबाईंसमोर बोलण्याची हिंमत नव्हती. मग मी एक युक्ती केली. सासूबाई देवळात गेल्या की ताईंचे लंगोट बांधायचे आणि त्या परतायच्या आत बदलायचे. धुतलेले लंगोट आमच्या दोरीवर वाळत घालायची सोय नव्हती, म्हणून ते ताईंच्याच दोरीवर टाकायचे. ताईंनी कधी काही विचारलं नाही. पोर बरी झाली. सासूबाईंना वाटलं, देव पावला.

त्याच सुमाराला पिंपरीच्या बाजारात कागदाच्या ताटल्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, वरून मेण दिलेल्या, चकचकीत. तोवर बारसं असो की पूजा, पत्रावळी असायच्या. त्या उकिरड्यात पडल्या की कुजून जायच्या. या ताटल्या कुजेनात. वाऱ्यावर उडून गटारात बसायच्या. एका बारशानंतर गटार असं तुंबलं की सगळं घाण पाणी टोकाच्या खोलीत शिरलं. टोकाची खोली म्हणजे ताईंची.

पाणी उपसून झाल्यावर ताईंनी नळावर बायकांना गोळा केलं. म्हणाल्या, "घरटी दोन ताटं आन् दोन पेले द्या. चाळीचा एक संच करू. ज्याच्या घरी कार्य, त्यानं न्यावा, घासून आणून द्यावा. माझ्या पेटीत ऱ्हाईल."

सगळ्यांना पटलं. स्टीलचं ताट तेव्हा मिरवायची वस्तू होती. कुणीतरी म्हणालं, आपापलं नाव घालून घेऊ. ताई म्हणाल्या, "नाव नगं. नाव घातलं की ज्यो त्यो आपलंच हुडकत बसंल."

दोन-तीन कार्यं या ताटांवर झकास झाली. मग कुणाची तरी आई पाहुणी आली आणि तिने विचारलं, ही ताटं असतात कुणाच्या घरात? त्यानंतर ज्याच्या त्याच्या कार्याला पुन्हा कागदाच्या ताटल्या दिसू लागल्या. प्रत्येकीचं बोलणं एकच, तेही मोठ्या मायेने, "ताई, तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस आला. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, चाळीची ताटं आणते."

"त्येंच्या घरातली ताटं आपल्या घरात? मी हाय तवर न्हाई."

"त्यात दोन आपलीच आहेत."

"कंची आपली, वळखून दाव."

आमच्या ह्यांनी पिंपरीहून कागदाच्या ताटल्या आणल्या. ताई आल्या. मुलीला त्यांनी फ्रॉक शिवून आणला होता, कुणाच्या तरी लग्नातल्या साडीच्या काठाचा. पंगतीत बसल्या, जेवू लागल्या. गरम आमटीने मेण सुटून कागद भिजला, ती खालून झिरपली आणि त्यांच्या लुगड्यावर पिवळा डाग पडत गेला. मी फडकं घेऊन धावले आणि जे सगळ्या म्हणत तेच माझ्याही तोंडून निघालं. "तुम्हाला त्रास नको म्हणून, ताई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला कवा तरास झाला, माय?" एवढंच म्हणाल्या आणि उठून हात धुतले.

दुसऱ्या दिवशी त्या ताटल्यांनी भरलेली टोपली घेऊन मी टोकाला गेले. हात बाहेर आला नाही.

मी टोपली तिथेच ठेवली आणि आत शिरले. ताई यंत्रावर बसल्या होत्या. मला बघून त्यांनी चाक थांबवलं आणि बसायला पोतं सरकवलं. मग त्या सांगू लागल्या.

"आमच्या गावात पाटलाच्या घरी लग्न असलं की आमाला बी जेवाया बोलवायचे. लांब बसवायचे, पर वाढायचे पोटभर. आमाला पान, आन् बाकीच्यांला ताट. मी आईला इचारलं, आपल्याला ताट कामून न्हाई? आई म्हणली, पान फेकता येतं. ताट पुन्हा घरात घ्यावं लागतं."

"म्हणजे तुम्हाला सगळं कळत होतं?"

"तुझे लंगोट माझ्या दोरीवर वाळत व्हते, तवापासून."

मी विचारलं, "मग त्या ताटांचा एवढा खटाटोप कशाला केलात, ताई?"

त्या हसल्या. "गटार तुंबतंय, ते काय खोटं हाय? पाणी माझ्याच घरात येतंय." मग चाकावर हात ठेवून हळू म्हणाल्या, "आन् वाटलं व्हतं, गटाराच्या निमतानं दुसरं बी काही वाहून जाईल."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कुणाला न विचारता ताईंकडची ताटांची पेटी उचलून घरी आणली. सासूबाईंना म्हटलं, "आई, मसालेभात चाळीच्या ताटांतच वाढणार आहे. तुम्हाला नको असेल तर केळी आणून ठेवली आहेत."

सुनेने असं बोलायची त्यांना सवय नव्हती, मलाही नव्हती. त्या दिवशी त्यांनी दोन केळी खाल्ली. बाकीच्या बायका आधी घुटमळल्या. मग मी माझं ताट वाढून घेऊन ताईंच्या शेजारी बसले, तेव्हा एकेक जण बसली. काही बसल्या नाहीत, घरी काम आहे म्हणाल्या.

पुढच्या वर्षी सासूबाईंनी ताट घेतलं, पण वाढून घ्यायच्या आधी स्वतः मोरीत नेऊन तीनदा विसळलं. ताई तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बघत होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी एकदाच विसळलं. त्यानंतर कधीतरी दुपारी मी नळावरून आले तर सासूबाई ताईंच्या उंबऱ्यावर बसून जुन्या धोतराचे तुकडे जुळवत होत्या, आणि कुठला तुकडा कुठे लावायचा यावरून दोघींचं चांगलंच वाजलं होतं. मी आवाज न करता आत गेले.

असं बरीच वर्षं चाललं. प्लॅस्टिकच्या पिशव्या बाजारात यायला लागल्या होत्या त्या सुमाराला ताईंच्या थोरल्याला नोकरी लागली आणि निगडीला त्यांचं दोन खोल्यांचं घर झालं. जाताना त्यांनी ताटांची पेटी चाळीतच ठेवली. आम्ही सणासुदीला बसने जायचो, कधी त्या यायच्या, दारातूनच टोपलीत डोकावायच्या. मग त्यांच्या येण्यात खंड पडला. पोटाचं दुखणं आहे असं कळलं. मी एकदा भेटून आले. खूप वाळल्या होत्या. अंगावर स्वतः शिवलेली गोधडी होती आणि तिच्यातले तुकडे बोटाने दाखवत, हा अमकीचा, हा तमकीचा, असं त्या मला सांगत होत्या. माझ्या सासूबाईंच्या लुगड्याचाही एक तुकडा त्यात होता.

त्या गेल्याचा निरोप आला तेव्हा सासूबाई गुडघ्यांनी हैराण झाल्या होत्या. पुण्यानुमोदनाला मी एकटीच निघाले, तर त्या आधीच चपला घालून दारात उभ्या. "बस मिळंल न्हवं?" म्हणाल्या.

निगडीच्या घरी माणसं दाटीवाटीने बसली होती. प्रार्थना झाली, मग पंगत बसली. सासूबाईंना खाली बसवेना म्हणून ताईंच्या मुलाने खुर्ची आणली. ती त्यांनी बाजूला सारली, भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या आणि इतरांसारख्याच जेवल्या.

जेवण झाल्यावर त्या आपलं ताट घेऊन मागे मोरीकडे गेल्या. मला वाटलं, हात धुवायला. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले. तिथे दोन-तीन पंगतींची खरकटी भांडी पडली होती आणि ताईंची सून एकटीच घासत होती. सासूबाई तिला म्हणत होत्या, "सरक गं जरा." मग त्यांनी पदर खोचला, दुखरा गुडघा तसाच दुमडला आणि तो सगळा ढीग आपल्यापुढे ओढून घेतला.