सगळ्यांना उघडणारा फोल्डर

“मंदे, तुझं पत्र हाय की गं हितं!” असं म्हणून तात्या मोठ्यानं वाचू लागले, तेव्हा मी फळ्याकडं तोंड करून उभा होतो. दोन ओळींनंतर ते अडखळून थांबले. मी वळलो. मंदाचा चेहरा पांढराफटक पडला होता. मागच्या रांगेत शिफ्टचे सुपरवायझर हाताची घडी घालून बसले होते. पत्र त्यांच्याबद्दलच होतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत मी कॉम्प्युटर शिकवायचो. रोज इंदापूरहून मोटरसायकलवर. मशीन सहा, शिकणारे बारा. प्रत्येकाला पासवर्ड आणि ईमेलचा स्वतःचा फोल्डर, म्हणजे कप्पा. पासवर्डनं माणूस आत येतो. आत आल्यावर कुणाचा कप्पा कुणी उघडायचा, हे परमिशन ठरवते. ती मी सगळ्यांना खुली ठेवली होती, कारण मला कुठल्याही मशीनवरून सराव तपासता यावा. निव्वळ आळस माझा.

तात्या स्टोअरमधले जुने क्लार्क. त्यांच्या गावात, कऱ्हाटीत, कुणाचंही पत्र आलं की ते तात्यांनीच वाचून दाखवायचं, अशी रीत. त्या दिवशी काहीतरी दाबता दाबता त्यांच्याकडून मंदाचा फोल्डर उघडला. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

मंदा कन्हेरीची. लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासायची. ती एकटी असली की सुपरवायझर येऊन दार लावून घ्यायचे. हेड ऑफिसला तक्रार करायची म्हणून ती आपल्या फोल्डरमध्ये पत्र रोज थोडं थोडं लिहून ठेवत होती. आठवड्यापूर्वी तिनं मला विचारलंही होतं, “सर, हे दुसऱ्या कुणाला दिसत न्हाय ना?”

“पासवर्ड आहे ना तुमचा? मग झालं,” मी म्हणालो. तपासलं नाही.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरनी मला बोलावलं. तक्रारीची चौकशी नव्हतीच. मंदावर ठपका होता, ट्रेनिंगच्या मशीनवर खासगी मजकूर लिहिल्याचा.

“साहेब, फोल्डर माझ्या चुकीनं उघडा राहिला.”

“ते टेक्निकल राहू द्या. मशीन फक्त ट्रेनिंगसाठी होतं ना? तेवढंच लिहून द्या.”

पुढची बॅच मला द्यायची की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. मी लिहून दिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्या कागदावर मंदाची नोकरी गेली. सुपरवायझर जागच्या जागी राहिले.

ती निघाली तेव्हा मी गेटपर्यंत गेलो. “मंदाताई, चूक माझी होती. मी साहेबांना सांगितलंय तसं.”

“मग कागदावर का न्हाय लिवलं?” तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती चालू लागली. मला स्वतःची किळस आली.

पुढच्या बॅचपासून मी प्रत्येकाचा फोल्डर दुसऱ्याच्या नावानं आत शिरून उघडतो का, ते बघतो. बारा जणांचं बघायला दहा मिनिटं लागतात. तेव्हाही दहाच लागली असती.