प्राजक्ताची काकणं

वाडीत एखादीचा नवरा गेला, की भटजीच्या आधी हाक जायची शेवंतीला. लग्नाकार्यात तिची सावलीसुद्धा नको, पण नव्या विधवेची काकणं उतरवायची म्हटली की, "गो शेवंती, बेगीन ये!" जिचा घो जिवंत आहे तिनं या कामाला हात लावायचा नाही, अशी रीत. शेवंती पंचविशीतच कपाळ पुसलेली. मासे विकून तिनं एकुलती लेक वाढवली, आणि वर हे काम गळ्यात पडलं. करणार काय? नाही म्हटलं असतं तर आणखी अवलक्षणी ठरली असती.

मग ग्रामसभेत ठराव आला: विधवेची काकणं, कुंकू, मंगळसूत्र जबरदस्तीनं कोणी उतरवायचं नाही. सरपंच आकांक्षाताईनं तो वाचून दाखवला. सगळ्यांत आधी हात कोणाचा वर गेला असेल? शेवंतीचा! तिथून उठली ती तडक पलीकडच्या वाडीत, लेकीच्या सासरी. "सुटलंय गो बाय! माझा काम गेला," म्हणून प्राजक्ताच्या गळ्यात पडून रडली.

यंदा नारळी पुनवेनंतर वारं फिरलं आणि जावयाची, सिद्धेशची, होडी उलटली. बाकीचे पोहून आले. सिद्धेशला उचलून आणावं लागलं.

शेवंती धावत आली ती लेकीच्या पुढ्यात दाराकडे तोंड करून बसली. "माझ्या लेकीच्या हाताक कोण हात लावता, बघतंयच मी! ठराव झालो आसा!"

कोणी हात लावला नाही. विहीणबाई सुगंधा तेवढी बोलली. तीही काही राक्षसीण नव्हे, तिचाही पोटचा गोळा गेलेला.

"माझो झील गेलो शेवंती, माका ठराव नको सांगू. धाकट्याची होडी परत दर्यात जातली. ही भरल्या हातान दारात उभी दिसली तर खलाशी होडयेत पाय ठेवतले काय? ठेव ती काकणां, कोण नाय म्हणता? पण मग लेकीक तुझ्याबरोबर घेवन जा. नातवंडा माझी, ती हयच रवतली."

"चल गो बाय," शेवंती उठलीच. "पेज पिवन रवया."

प्राजक्ता इतका वेळ नवऱ्याच्या पायाशी बसून होती. "पोरांक सोडून खंय येव?" म्हणाली, आणि दोन्ही हात आईपुढे धरले. "तूच काढ गो आये. दुसऱ्याचो हात नको."

"नाय! माझे हात झडले तरी नाय!" शेवंती मागे सरकली. पण लेक हात मागे घेईना. बाहेर तिरडी बांधून झाली, पुरुषमाणसं घाई करू लागली. शेवटी सुगंधा धोंडा आणायला उठली, तशी शेवंतीनं लेकीची मनगटं घट्ट धरली. धोंड्यावर काकणं फोडली की काचा कशा रुततात, हे तिनं स्वतःच्या हातावर सोसलं होतं. खोबरेल लावून तिनं एकेक काकण सोडवलं. एकही फुटू दिलं नाही.

तेवढ्यात आकांक्षाताई धापा टाकत पोचली. प्राजक्ताचे मोकळे हात बघून तिचा चेहरा उतरला. "प्राजक्ता, तुझ्यावर कोणी जबरदस्ती केली का? घाबरू नकोस, नाव सांग."

प्राजक्ता कचेरीत बोलावं तसं बोलली. "नाही मॅडम. माझ्या मर्जीनं."

आता सरपंच तरी काय करणार, कपाळ? ठरावात मर्जीला बंदी नव्हती.

"मर्जी? खंयची गो मर्जी?" शेवंती किंचाळली. तेलानं माखलेले हात तिनं आकांक्षाताईपुढे नाचवले. "माझ्या ह्या हातांनी काढलंय! माका धर! माझ्यार केस कर!"

"शेवंतीकाकी, तुम्ही बसा बघू," आकांक्षाताई म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

पुरुषांनी सिद्धेशला खांद्यावर घेतलं. शेवंती उंबऱ्यापर्यंत त्यांच्यामागून ओरडत गेली, "माका धरा रे कोणतरी!"

कोणी धरलं नाही.