ओळखत नाही म्हणणारं गाव

ती घटना आठवली की मला आधी हसू येतं आणि मग थोडं अवघडल्यासारखं होतं. त्यात खून नाही, दरोडा नाही, हातकडीसुद्धा नाही. माझ्या बरोबरीचे निवृत्त अधिकारी जमले की मोठमोठे गुन्हे काढतात. मी ही केस सांगायला लागलो की म्हणतात, अहो, ही काय केस झाली? माझ्या लेखी झाली. एका मुलीचं परदेशात मेहनतीनं बसवलेलं बस्तान उठायची वेळ आली होती, आणि ते उठवत होती तिच्यावर जीव टाकणारी माणसंच.

मी तेव्हा मारेगावच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपली की गोपनीय शाखेचा अंमलदार सहीचे कागद घेऊन यायचा. समन्स, चारित्र्य पडताळणी, मिरवणुकांचे परवाने, पासपोर्ट. वरून मोठं काही आलं नसेल तर हे काम चहाबरोबर उरकतं. त्या दिवशी एका पासपोर्टच्या पडताळणीवर त्यानं शेरा मारला होता, ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर परिचित नाही.’

अर्जदार मुलगी होती, एस्टोनिया देशातल्या टॅलिन शहरात नोकरीला. पासपोर्टची मुदत संपत आल्यानं तिनं तिथल्या आपल्या दूतावासात नव्यासाठी अर्ज केला होता. अशा वेळी पडताळणी गावाकडच्या ठाण्याकडे येते. त्या शेऱ्याखाली माझी सही झाली की तो प्रतिकूल अहवाल. मग पासपोर्ट अडकला, पासपोर्ट नाही म्हणून तिथं राहायचा परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणजे नोकरी सोडून चालतं व्हायचं. मी पेन उघडलं आणि थांबलो, कारण ते नाव मी आदल्या दिवशीच ऐकलं होतं.

आदल्या दिवशी ठाण्यात एक निनावी फोन आला होता. खबर अशी की, त्याच गावात दर रविवारी दुपारी दारं लावून बिटकॉइनची मीटिंग होते; विदेशातून एक पोरगी पडद्यावर येते आणि बायाबापे तासभर आत बसतात. फोन करणाऱ्यानं पोरीचं नावही दिलं होतं. त्या दिवसांत शेजारच्या तालुक्यात अशाच कुठल्याशा कॉइनच्या नावाखाली लोकांना बुडवलेलं होतं, चौकशीसाठी बरीच माणसं उचलली गेली होती. त्यामुळे खबर हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

म्हणजे फोनची नोंद असलेल्या स्टेशन डायरीप्रमाणे ही मुलगी दर रविवारी गावात सभा घेत होती आणि पडताळणीप्रमाणे तिला त्या गावात कुत्रंही ओळखत नव्हतं. मी अंमलदाराला बोलावलं.

“सर, पुरं गाव पालथं घातलं,” तो म्हणाला. “पानठेला, किराणा, आटाचक्की. एकच उत्तर. नाही बा, आमच्या गावात अशी कोणी पोरगी नाही. पत्त्यावरच्या घराले कुलूप होतं.”

“पोलीस पाटील?”

“शेतात गेलते म्हणे.”

अशा वेळी पोलीस पाटील नेहमी शेतातच असतो. मी विचारलं, “एकानं तरी तुला उलट विचारलं का, कोणाची पोरगी, काय केलं तिनं?”

त्यानं जरा आठवून पाहिलं. “नाही सर. कोणीच नाही.”

तिथंच मला वास आला. ज्याला खरंच माहीत नसतं तो आधी चौकशा करतो. कोण, कुठली, लग्न झालंय का, पळून गेली का? आपल्याकडे पोलीस दारात आल्यावर एवढी आयती करमणूक कोणी सोडत नाही. ‘नाही बा’ म्हणून जो पटकन पाठ फिरवतो, त्याला सगळं माहीत असतं.

मुलीच्या वडिलांचं फाट्यावर मोटरपंप वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. त्यांना चौकशीला बोलावलं. हातावर ग्रीसचे डाग, गळ्यात निळा रुमाल, वय साठीच्या आसपास. खुर्ची दिली तर कडेला टेकले.

“ही तुमची मुलगी ना?”

“मले पोरगीच नाही, साहेब.”

बापानं स्वतःच्या लेकीला असं माझ्यासमोर नाकारलं. आवाज घट्ट, नजर टेबलाच्या पायाशी. मी आवाज चढवला नाही. चौकशीत आपण आरडाओरडा केला की माणूस जे बोलतो ते बहुतेक आपल्यालाच हवं असलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. मी एवढंच म्हणालो, “बरं झालं. कारण या नावाच्या मुलीचा पासपोर्ट आता मिळायचा नाही.”

ते उठता उठता थांबले. “नाही भेटला त काय होते?”

“तिला तो देश सोडावा लागेल.”

त्यांचा चेहरा क्षणभर उघडा पडला. लगेच त्यांनी तो मिटून घेतला, नमस्कार केला आणि निघून गेले. माझं बोलणं त्यांना पोलिसांचा डाव वाटला होता. मला मात्र त्या माणसाची कीव आली आणि थोडा रागही आला. एवढं काय लपवायचं होतं?

सायबर शाखेकडून माहिती मागवली. मुलीविरुद्ध कुठंच तक्रार नव्हती. मग रविवारी मी साध्या कपड्यांत, एका महिला अंमलदाराला सोबत घेऊन गावात गेलो. बुद्धविहाराला लागून वाचनालयाची खोली होती. दारं-खिडक्या बंद, आतून बाईमाणसाचा अडखळत वाचण्याचा आवाज येत होता. कान दिला. बिटकॉइन कुठलं आलंय! कुण्या इन्स्पेक्टरनं बंगल्याच्या मागच्या दारानं आत पाऊल टाकलं होतं आणि जिन्यावर रक्ताचे थेंब दिसत होते. जुनी रहस्यकथा चालली होती.

मी दार ढकललं आणि खरा इन्स्पेक्टर आत आला. सगळ्यांची तोंडं एकदम माझ्याकडे वळली. सतरंजीवर बायका, माणसं दाटीवाटीनं बसलेली. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, आणि त्या उजेडात लोकरीची टोपी घातलेली एक मुलगी हातात वाडगा घेऊन जेवत होती. दारं कशासाठी लावत होते ते कळलं. उन्हात पडद्यावरचं दिसत नव्हतं.

“कोण आलं, मोठीमाय?” पडद्यावरून मुलीनं विचारलं.

मोठीमाय म्हणजे पुस्तक वाचणारी ती म्हातारी. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकलेली. तिनं पुस्तक मिटून मांडीखाली सारलं. मग मी चपला काढून मागे बसलो आणि कोण ते सांगितलं.

मुलगी उलट खूशच झाली. “साहेब, बरं झालं तुम्हीच भेटले. माझ्या पासपोर्टचं काय झालं? इथं रोज विचारते, ते म्हणतात तिकडून रिपोर्टच नाही आला.”

“रिपोर्ट तयार आहे,” मी म्हणालो. “त्यात लिहिलंय की या गावात तुम्हाला कोणीच ओळखत नाही. तुमच्या वडिलांनी तर मुलगीच नाही म्हणून सांगितलंय.”

तिनं वाडगा खाली ठेवला. “बाबा?”

वडील पहिल्या ओळीत होते. “तुयासाठीच नं माय,” ते कसेबसे म्हणाले. “तिकडे त्या कॉइनवाल्यायले उचललं, अन् त्यायले ओळखतो म्हणणाऱ्यायलेबी उचललं. तू बी तेच कॉइनचं काम करतं. मंग पोलीस तुयं नाव घेऊन आले. आमी काय समजाचं?”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगी ज्या कंपनीत होती ती एका आभासी चलनाची यंत्रणा बनवत होती. ती कोणाला काही विकत नव्हती, घ्या म्हणत नव्हती. मी तिथल्या प्रत्येकाला वेगळं विचारलं, महिला अंमलदारानं बायकांना विचारलं. कोणाकडून तिनं कवडी मागितलेली नव्हती. गेली तेव्हा तिकडे हिवाळ्यात दुपारच्या जेवणानंतर लगेच अंधार पडायचा, लिफ्टमध्ये शेजारी मान वर करत नसत, दिवसचे दिवस मराठी कानावर पडत नसे. म्हणून ती बापाला म्हणाली, फोनवर काही तरी वाचून दाखवा. बाप वाचायला लागला, शेजारीण ऐकायला बसली, मग गल्ली जमली. वाचून झालं की ती तिकडचं सांगायची. बर्फात बूट घसरतात ते, तळघरातल्या सामाईक मशीनवर नंबर लावून कपडे धुतात ते, तिथल्या काळ्या पिठाची भाकर थापताना फाटते ते. बायकांना एकच काळजी, एवढ्या थंडीत ही कपडे वाळवते कुठं?

मी तिला विचारलं, एवढं शिकलात, मग याच कामात का पडलात?

“साहेब, राग नका मानू,” ती म्हणाली. “कॉलेजात असताना एका दाखल्याच्या सहीसाठी माझं पूर्ण वर्ष गेलं. आज साहेब नाही, उद्या शिक्का नाही. तेव्हाच ठरवलं, असं काही तरी बनवायचं जिथं कोणत्या साहेबाची गरजच नाही पडत. आमच्या यंत्रणेत व्यवहार झाला की जगभरातले हजारो कॉम्प्युटर साक्ष देतात. त्यांचं एकमत झालं की ते खरं. मग ते कोणालेच खोडता येत नाही.”

“म्हणजे हजारो पंचांचा पंचनामा.”

“तसंच समजा.”

“मग इथं अख्ख्या गावाचं एकमत आहे,” मी म्हणालो, “की तुम्ही नाहीच.”

तिनं डोक्यावरची टोपी मागे सारली. मग हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “अरे देवा. माझ्याच नियमानं मी नाही की!” खोलीतही थोडं हसू फुटलं, पण ते लगेच विरलं, कारण खरी अडचण आता समोर आली होती. अहवाल बदलायचा तर आधी सांगितलं ते खोटं होतं, असं लोकांना जबाबात म्हणावं लागणार होतं. पोलिसांशी खोटं बोललो, हे पोलिसांनाच लिहून द्यायचं. वडील पुढं झाले, पण बापाचा एकट्याचा जबाब पुरत नाही, शेजारचे साक्षीदार लागतात. शेजारी सतरंजीचे धागे उपटत बसले. “उद्या आमच्यावरच केस लावान त?” मागून एक जण पुटपुटला. मी नाही लावणार म्हणालो. कोणाला पटलं नाही.

शेवटी म्हातारीनं पुस्तक मांडीखालून काढून बाजूला ठेवलं.

“लिहा,” ती म्हणाली. “मी खोटी बोलली. पोट्टी आमचीच हाय. माह्या हाताखाली वाढली ते.”

“आजी, खोटं का बोललात ते पण लिहावं लागेल,” मी म्हणालो.

“तुमी इचारलं म्हणून.” तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. “दुसऱ्या कोणी इचारलं असतं त घरी नेलं असतं, चहा पाजला असता, तिचे फोटो दाखवले असते. आमच्या बुढ्यानं एकदा एका चोरट्या सागवानवाल्याले ओळखतो म्हणलं, त दिवसभर ठाण्यात बसवला. काही केलं नोतं त्यानं. निस्तं ओळखतो म्हणलं.”

माझ्या नोकरीत मला पुष्कळांनी शिव्या दिल्या, शाप दिले; त्यातलं काही मनाला लावून घेतलं नाही. हे मात्र लागलं. ते ठाणं माझं नव्हतं, तो काळही माझा नव्हता. तरी वर्दी तीच होती. मी तिचा जबाब तिच्याच शब्दांत लिहिला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. एका ठिकाणी तिनं मला थांबवून दुरुस्तीही सांगितली. “‘परिचित’ नका लिवू. ‘आमची’ लिवा.” मी तसं लिहिलं.

मग रांग लागली. त्या दुपारी इन्स्पेक्टर बिचारा रक्ताच्या थेंबांपाशीच अडकून राहिला आणि वाचनालयात जबाबच वाचले गेले. एकीनं सांगितलं, हिच्या शाळेच्या वेण्या मी घालायची. एक जण म्हणाला, याच खोलीतली पुस्तकं संपवून ही आमच्या घरची पंचांगंसुद्धा वाचून गेली. शेतातून आलेल्या पोलीस पाटलानंही मान खाली घालून जबाब दिला. पडद्यावर मुलगी एकेकाचं ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, “साहेब, हे आमच्या यंत्रणेला येत नाही. तिथं एकदा लिहिलेलं मागे घेता येत नाही.” मी म्हणालो, “माणसाला येतं. फक्त समोर ऐकून घेणारा पाहिजे.”

सुधारित अहवाल मी स्वतः पाठवला. निनावी फोनवाल्याचाही शोध लागला; त्याच्या मेहुण्याला त्या कॉइनच्या स्कीममध्ये बुडवलेलं होतं, बिचाऱ्यानं गावाच्या भल्यासाठीच खबर दिली होती. त्याचे आभार मानले. मुलीचा पासपोर्ट झाला, नोकरी राहिली.

या केसनं मला एकच गोष्ट शिकवली. लोक खोटं बोलतात तेव्हा ते काय लपवतात हे आपण शोधत बसतो. ते कोणापासून लपवतात, हेही विचारायला हवं. त्यानंतर ठाण्यात मी तोंडी नियमच केला. पडताळणीला गेलं की आधी बसायचं, का आलो ते सांगायचं, कागद दाखवायचा आणि मगच नाव विचारायचं.

पुढच्याच हंगामात त्याच गावातल्या आणखी एका मुलीनं पासपोर्टसाठी अर्ज केला. परदेशात शिकायला जायचं होतं तिला. गोपनीयचा तोच अंमलदार सकाळी गेला, तो दिवस मावळताना परतला आणि वैतागून टेबलाशी उभा राहिला.

“सर, एका पडताळणीले पुरा दिवस गेला. दोन साक्षीदार पाहिजे होते, पुरं गाव आलं. जो तो म्हणे, माहा जबाब घ्या, मी तिले जास्त ओळखतो. चहा पिऊन पिऊन पोट बिघडलं.”

मी त्याला म्हणालो, “अनुकूल म्हणून टाक आणि घरी जा.” तो गेल्यावर बराच वेळ मी एकटाच हसत बसलो होतो.