भंडारा उचलून सांगितलेले तीन शब्द

चुलतभावाच्या भुवईवर मी सोड्याची बाटली फोडली ती इंग्रजी शब्दांवरून. गाव अजून बांधावरून फोडली असं धरून चाललंय, म्हणून लिहून ठेवतो.

माझं शिक्षण चौथी. पुढं महाबळेश्वरला टॅक्सी चालवली. एकदा घाटात गाडीपुढनं मुंगूस आडवं गेलं. मागं एक गोरा म्हातारा बसला होता. तो जे बोलला ते त्याच्या वाटाड्यानं मला मराठीत सांगितलं. इंग्रज मुंगसाला मंगूस म्हणतात, तो शब्द आपल्या मराठीतनं गेलाय. लूट हा शब्दही इकडचाच, त्यांनी मालाबरोबर उचलला. त्या दिवसापासून इंग्रजी फाडणाऱ्या कुणापुढं मी मान खाली घातली नाही.

चुलतभाऊ पलटणीतून सुभेदार होऊन आलेला. वडूजच्या स्टँडवर आम्ही सोडा पीत होतो. दहाजणांत तो म्हणाला, "काय रं ड्रायव्हर, इंग्रजी तुझ्या आज्ज्यानं लिवली म्हणं?"

"मुंगूस आपलं हाय. लूट आपली हाय." हातात बाटली होती, तीही वर धरली. "आन ही बाटलीबी आपलीच. त्यांनी नेली."

"उचल भंडारा."

आमच्यात खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन बोललेलं मागं घेता येत नाही. खोटं निघालं तर घरच्या लेकराबाळांवर जातं. ज्याच्यासमोर उचलला त्यानंच स्वतःच्या हातानं तो उतरवायचा, दुसरा इलाज नाही. पुडी माझ्या खिशात कायम असते. काढली, आणि तिन्ही शब्दांवर शपथ घेतली.

तो हसला. "नात बाळंतपणाला आलीया न्हवं घरी? तिच्या पोटावर घातलंस गड्या, एका बाटलीपायी."

पोटाचं नाव काढलं आणि माझा हात उठला. काच त्याच्या कपाळात बसली, डोळा रक्तानं भरला. पण गडी पलटणीतला. त्यानं मला कॉलरला धरून खडीत पाडलं आणि छातीवर बसून तोंडावर बुक्क्या घातल्या. माझे पुढचे दोन दात तिथंच पडले. मी त्याच्या मनगटाला चावलो. सत्तरी उलटलेल्या दोघांना कंडक्टरनं ओढून बाजूला केलं. त्याला सात टाके पडले.

घरी नातीनं माझं तोंड पुसलं, सगळं ऐकून घेतलं आणि मोबाईलवर मोठा शब्दकोश उघडला. ती शिकलेली आहे, खोटं सांगणार नाही.

"आबा, मुंगूस आपलं. लूट पण इकडचीच."

"आन बाटली?"

तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "बाटली तिकडनं इकडं आलीय, आबा."

तिला आठवा महिना होता. माझा भंडारा खोटा ठरला होता. जन्मात कुणाच्या दारात वाकलो नव्हतो, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुडी घेऊन त्याच्या अंगणात उभा राहिलो.

"बाटली त्यांची निघाली," मी म्हणालो. "उतरीव."

तो काठी घेऊनच बाहेर आला. डोक्याला पट्टी होती, एक डोळा मिटलेला. पहिली काठी उजव्या खांद्यावर बसली, हाड वाजलेलं मला ऐकू आलं. त्याची सून ओरडत धावली. त्यानं तिला हातानं मागं सारलं. मी हात वर केला नाही.

"आन मुंगूस?"

"मुंगूस आपलं हाय."

दुसरी पाठीत बसली. मी गुडघ्यावर आलो.

"लूट?"

"तीबी. मारून टाकलंस तरी."

काठी पुन्हा वर गेली. तशीच राहिली बराच वेळ. मग त्यानं ती भिंतीला टेकवली, खाली बसला, माझ्या हातातल्या पुडीतला चिमूटभर भंडारा उचलून माझ्या कपाळाला फासला.

"पोरीला सांग, उतरीवला म्हणून," तो म्हणाला. "आन ऊठ आता, सून बघतीया."

खाली पडलेली टोपी मी डाव्या हातानं उचलली. उजवा वर जात नव्हता.