उजवी पाकळी

"उजवी पडली! पडली गं बाई उजवी!" सुमनआत्या अशी ओरडली, की देवळावरच्या माकडांनी थेट समुद्रात उड्या घेतल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करावं का, म्हणून तिने देवाला कौल लावला होता. गुरवाने मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. आधी दोनदा डावी पडली होती, पण तेव्हा आत्याच्या मते पाकळ्याच शिळ्या होत्या. मन मोठं लबाड! नको ते उत्तर जागच्या जागी विसरतं, हवं ते सात पिढ्यांना सांगतं. तरी आत्या गुडघा धरून का होईना, पायऱ्या हसत उतरली आणि मलाही बरं वाटलं.

"आत्या, तिसऱ्यांदाही डावी पडली असती तर?"

"डॉक्टरांची तारीख मी गेल्या सोमवारीच घेतलीय."